दुपारी फोन न उचलणारी माणसं

सुरतेत कुणी मोबाइलवर 'एसी दुरुस्ती' असं लिहिलं की खाली एकामागे एक नावं येतात. त्यातलं पहिलं नाव पहिलंच का आणि चाळिसावं चाळिसावंच का, हे ज्या चार-पाच माणसांनी ठरवलं त्यांच्यात मी होते. आता निवृत्त झाले म्हणून सांगायला हरकत नाही. नोकरीत असताना हे बाहेर बोलायची बंदी होती, आणि बंदी पाळण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आमची कंपनी जगभर पसरलेली वगैरे नव्हती. रिंग रोडला एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर कचेरी, खाली साड्यांचे गठ्ठे आणि वर आम्ही. धंदा एवढाच की सुरतेतलं काहीही विचारा, आम्ही नाव आणि नंबर देतो. सुरुवातीला हे सगळं फोनवर चालायचं. मी शिंदखेड्याकडची. लग्न होऊन उधन्याला आले, नवरा पॉवरलूमवर. घरी अहिराणी, शेजारी गुजराती, बाजारात हिंदी आणि शाळेत शिकलेली मराठी, एवढ्या भांडवलावर मला ऑपरेटरची नोकरी लागली. लोक विचारायचे, आम्ही वहीतून नाव वाचायचो. पुढे वहीच्या जागी कॉम्प्युटर आला.

त्या काळात एक गोष्ट मला आठवडाभरात कळली, ती पुढे जन्मभर पुरली. माणूस तिसरं नाव विचारत नाही. दोन नावं सांगितली की "बस बेन, चालेल" म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणजे यादीत शंभर प्लंबर असोत, शहराच्या दृष्टीने प्लंबर दोनच. बाकीचे अठ्ठ्याण्णव आपापल्या जागी पान्हा घेऊन बसलेले.

यादी तेव्हा अक्षरांच्या क्रमाने होती. रसिकभाई नावाचे एक एसी मेकॅनिक होते, त्यांच्या हे बरोबर लक्षात आलं. आधी दुकानाचं नाव त्यांच्या आईच्या नावावर होतं. एक दिवस ते बदलून त्यांनी 'अअ कूलिंग' केलं. महिन्याभरात दुसऱ्याने 'अअअ कूलिंग' काढलं. रसिकभाई रागाने लाल होऊन कचेरीत आले आणि आणखी दोन अ वाढवून गेले. मी फोनवर ते नाव वाचताना तोतरी झाल्यासारखी वाटायची. आम्ही हसायचो, पण खरं म्हणजे त्या माणसाने आमचा नियम ओळखला होता आणि नियम ओळखला की माणूस तो वाकवतो. हे मी शिकले, आणि जरा जास्तच शिकले.

पुढे वेबसाइट आली, अ‍ॅप आलं आणि क्रम लावायचं काम यंत्राकडे गेलं. लोकांना वाटतं यंत्र म्हणजे काही तरी अगाध. तसं नसतं. परीक्षेत गुण देतात तसे ते प्रत्येक दुकानाला गुण देतं. विचारणाऱ्यापासून दुकान किती जवळ, माहिती पुरी भरली आहे का, लोकांनी काय लिहिलंय, दुकान चालू आहे की बंद पडलंय, असे सगळे गुण मिळवायचे आणि जास्त गुणवाला वर. कशाला किती गुण द्यायचे, ते मात्र माणूसच ठरवतो. ती माणसं म्हणजे आम्ही. मी हळूहळू ऑपरेटरची 'यादी विभागा'ची प्रमुख झाले होते. आणि एक गुण असा होता ज्याबद्दल आम्ही बोलत नसू. ज्याने आम्हाला जाहिरातीचे पैसे दिले तोही वर. त्याच्या नावापुढे तसं लिहिलेलं नसायचं. बघणाऱ्याला वाटायचं, हा चांगला असेल म्हणून वर आहे. मलाही ते खटकायचं, नाही असं नाही. पण पगार त्यातूनच होतो हे माहीत असलं की खटकणारी गोष्ट हळूहळू सवयीची होते.

आता माझ्या अभिमानाची गोष्ट सांगते, कारण पुढची चूक त्याच अभिमानातून झाली.

किल्ल्या बनवणारा एक इसम होता. कुलूप अडकलं, दार लागलं, की लोक घाबरेघुबरे होऊन शोधतात आणि पहिलं दिसेल त्याला बोलावतात. यादीत शहराच्या प्रत्येक भागात एकेक किल्लीवाला दिसायचा आणि तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच यायच्या, की तासाने येतो आणि सांगितल्याच्या चौपट मागतो. मी एक दिवस रिक्षा करून ते पत्ते बघायला निघाले. एका पत्त्यावर देवळाची भिंत होती, दुसऱ्यावर पानाचा गल्ला. तिसऱ्यावर शाळा. शाळेच्या शिपायाने मला विचारलं, "कोनुं काम छे, बेन?" मी म्हटलं, किल्लीवाल्याचं. तो म्हणाला, इथे कुलपं लावायला मी आहे, उघडायलाही मीच आहे. सोळा दुकानं होती, सोळा नावं, माणूस एक.

परत येऊन मी एक नियम बनवला. यादीतल्या प्रत्येक दुकानाला आमच्याकडून वर्षातून काही वेळा फोन जाईल. तीनदा केलेला फोन तीनही वेळा उचलला नाही, तर दुकान संशयास्पद धरायचं आणि गुण कापून तळाशी टाकायचं. एकटा माणूस सोळा दुकानांचे फोन कुठे कुठे उचलणार? आमच्या मुलींना सकाळी आणि संध्याकाळी ग्राहकांचे फोन असायचे, मोकळा वेळ दुपारी एक ते तीन. म्हणून तपासणीचे फोन दुपारी.

नियम लागू झाला आणि खोटी नावं पाचोळ्यासारखी तळाला गेली. मालक परेशभाईंनी सगळ्यांसमोर मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. "मंगलबेनना नियमथी शहर चोखुं थई गयुं," म्हणजे शहर स्वच्छ झालं, असं म्हणाले. मी ते घड्याळ घरी हॉलमध्ये लावलं. दोन वर्षं सगळं छान चाललं, असं मला वाटत होतं.

एका मंगळवारी सकाळी शिपाई सांगत आला की सचिनहून, शहराबाहेरच्या त्या कारखान्यांच्या गावाहून, एक मराठी बाई आलीय, वरच्या साहेबांनाच भेटायचं म्हणते. मराठी म्हणून माझ्याकडे धाडली. पन्नाशीची बाई, अंगावर साधी साडी, हातात कापडी पिशवी. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसली.

"माहं नाव विमल," ती म्हणाली. "यवतमाळकडची हाव मी. सचिनले पाळणाघर चालवतो. कंपनीत जाणाऱ्या बायांची लेकरं सांभाळतो, अकरा वर्सं झाली."

मी म्हटलं, "बोला ना, ताई."

तिने पिशवीतून शाळेची हजेरी असते तशी वही काढली. वहीत मुलांची नावं आणि रोजच्या खुणा. आधीच्या पानांवर नावं पान भरून खालपर्यंत होती. नंतरच्या पानांवर निम्मी, आणि शेवटच्या पानावर पाच.

"पयले नवीन बाई गावाकडून आली की फोनवर पाहून माह्याकडे यायची," ती म्हणाली. "आता कोणी येत नाही. म्या माह्या भाच्याच्या फोनात पाह्यलं. सचिनात पाळणाघर म्हटलं तर तुमचं मशीन भेस्तानचं दाखवते, उधन्याचं दाखवते. मी कुठी गेली?"

मी नोकरीत घोटून पाठ केलेलं उत्तर दिलं. "ताई, तो क्रम यंत्र ठरवतं. त्यात आमच्या हातात काही नसतं."

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. "मशीनले कोणं सांगतलं?"

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागले.

"माह्या पोटासाठी नाही आली मी," ती पुढे म्हणाली. "माहं भागते. पण आमच्याच वस्तीत वाशीमची एक पोरगी राहते, संगीता. मिलमध्ये धागे कापाले जाते. तिनं तीन वर्सांची लेक खोलीत कोंडून ठेवली, बाहेरून कुलूप लावून. दीड महिना. पोरगी खिडकीवर चढली, पडली, हात मोडला. शेजाऱ्यानं दार फोडून काढली तिले. मी संगीताले म्हटलं, बाई, माह्याकडे काहून नाही आणली? तर म्हणते, काकू, म्या फोनवर पाह्यलं होतं, जवळ कोणतंच पाळणाघर नव्हतं. दोन गल्ल्या, बाई. दोन गल्ल्यांचं अंतर."

मी कॉम्प्युटरकडे वळले. तेवढ्यापुरतं तिच्याकडे बघावं लागणार नव्हतं. तिचं नाव शोधलं. जवळ असण्याचे गुण होते, लोकांनी लिहिलेलं चांगलं होतं. आणि खाली लाल अक्षरांत नोंद होती की तीन वेळा फोन केला, उत्तर नाही, संशयास्पद.

"ताई, तुम्ही दुपारी फोन का उचलत नाही?"

"दुपारी लेकरं झोपतात जी," विमलताई म्हणाल्या. "एक वाजता जेवू घालून निजवतो. तीनपर्यंत फोनचा आवाज बंद करून ठेवतो. एक उठलं की सारेच उठतात."

त्यांना एवढंच सांगून मी पाठवलं की बघते. नियम कुणाचा आहे ते सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांचं नाव पुन्हा तपासणीच्या यादीत टाकलं. तेवढं माझ्या अधिकारात होतं. मग मला वाटलं, एकदा जाऊन बघावं. गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि बसने सचिनला गेले.

एक मोठी खोली, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीला खालच्या बाजूने, मुलांच्या उंचीवर, चित्रं चिकटवलेली. पाच मुलं वरण-भात खाऊन ओळीने झोपली होती. सहावी होती संगीताची लेक, परी. तिच्या हाताचं प्लास्टर नुकतंच काढलं होतं, हात अजून बारीक दिसत होता. संगीता आता तिला इथे ठेवू लागली होती. परी झोपत नव्हती. नवीन माणूस दिसलं म्हणून माझ्याजवळ येऊन बसली आणि थोड्या वेळाने माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली.

विमलताई आत भांडी घासत होत्या, तीही आवाज होऊ न देता. त्यांचा फोन माझ्यासमोर उशीवर पडला होता. दीडच्या सुमाराला त्याचा पडदा उजळला. नंबर माझ्या ओळखीचा होता. आमच्याच कचेरीचा, माझ्याच विभागाचा, मीच लावायला सांगितलेला फोन.

फोन उचलायचा तर परीचं डोकं हलवावं लागलं असतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पडदा थोडा वेळ उजळून राहिला, मग विझला. दहा मिनिटांनी पुन्हा आला आणि पुन्हा विझला. तिकडे माझ्या मुलींपैकी कुणीतरी 'उत्तर नाही' या चौकोनात खूण केली असणार. मी तिथे बसून तो नियम लागू होताना बघत होते आणि त्या घटकेला जगात दुसरं काहीही करणं बरोबर ठरलं नसतं.

चारनंतर संगीता आली. पोरसवदा बाई, केसांत कापसाचे तंतू. मी कोण ते विमलताईंनी सांगितलं. मला वाटलं आता बोलेल, ऐकून घ्यायची तयारी केली. ती म्हणाली, "तुमच्या अ‍ॅपवरच पाह्यलं होतं म्या. खाली खाली लय सरकवलं. मंग वाटलं, नसन इकडे." आणि लेकीला कडेवर घेऊन गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस. जेवता जेवता म्हणाला, "मी सांचावर र्‍हास, तवय तुना फोन उचलस का?" म्हणजे, मी लूमवर असतो तेव्हा तुझा फोन तरी उचलतो का. मग वर म्हणाला, "ज्याना हात कामम्हा शेत, तो कसा उचली?" ज्याचे हात कामात आहेत, तो कसा उचलणार.

त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या नियमाने तळाला गेलेल्यांची यादी उघडली. खोटे होतेच, भरपूर होते. पण त्यांच्यामध्ये बसले होते एकट्याने दुकान चालवणारे न्हावी, ज्यांच्या हातात वस्तरा असतो. दुपारच्या डब्यांच्या घाईत असलेल्या खानावळवाल्या बाया. पलसाण्याच्या रस्त्यावर माल वाहणारे टेम्पोवाले. बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करणाऱ्या बाया, तेलाने हात भरलेल्या. आणि वर कोण राहिले होते? ज्यांच्याकडे फोन उचलायला वेगळं माणूस ठेवलंय ते. आम्ही खरं-खोटं तपासतो असं समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही एवढंच तपासलं होतं, की दुपारी कुणाचे हात मोकळे असतात.

आणि यातल्या कुणीही तक्रार केली नव्हती. कशी करणार? धंदा कमी झाला की माणूस म्हणतो मंदी आहे, नशीब आहे. आपलं नाव कुठल्या तरी यादीच्या तळाशी गेलंय हे त्याला दिसतच नाही. दोन वर्षांत जिना चढून आली ती एकटी विमलताई.

मी परेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, नियम चुकलाय, माझाच आहे, बदलायचा आहे. ते लगेच हो म्हणाले. फोनची वेळ बदलू, त्यात काय. पण मला तेवढंच नको होतं. मी म्हटलं, "ज्याला खाली टाकतो त्याला आधी कळवायचं. का टाकतो तेही सांगायचं. आणि जो पैसे देऊन वर आहे, त्याच्या नावापुढे 'जाहिरात' असं लिहायचं."

परेशभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बेन, कारण सांगितलं की पहिला कोण शिकेल? तो सोळा दुकानांवाळो. साधा माणूस वाचणारच नाही. तुम्ही चोराला नकाशा देता."

हे म्हणणं खोटं नव्हतं. सोळा पत्ते मी स्वतः हिंडले होते. मी म्हटलं, "चोर कसा पकडतो ते नाही सांगायचं. पण तुम्हाला चोर का समजलो, एवढं तर सांगू. आपण चुकलो असू तर तो म्हणेल तरी, बाबा, मी आहे इथे."

"ने जाहिरात लखशुं तो पैसा कोण आपशे?" जाहिरात असं लिहिलं तर पैसे कोण देणार, हा त्यांचा प्रश्न.

"थोडे जातील," मी म्हटलं. "पण आपल्यावर विश्वास ठेवून जो बघतो, तो गेला तर सगळेच जातील."

मग मी त्यांना परीच्या हाताबद्दल सांगितलं. सांगणार नव्हते, कारण तसं करणं मला भावनेला हात घालण्यासारखं वाटत होतं. पण झालं ते झालं होतं आणि ते आमच्या नियमामुळे झालं होतं. त्यांना दोन नाती आहेत. ते म्हणाले, "फक्त सचिन. सहा महिने. जमलं तर पुढे."

कारणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं दोन दिवसांचं काम. मी मोठ्या ऐटीत पहिला मजकूर केला, 'पडताळणी अपूर्ण असल्याने आपल्या नोंदीचा प्राधान्यक्रम कमी करण्यात आला आहे.' तो घेऊन विमलताईंकडे गेले आणि वाचा म्हटलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे काय जी? माहं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"मंग हे पोलिसाच्या कागदावानी काहून लिहिलं?"

मी तिथेच बसून खोडलं आणि लिहिलं, 'आम्ही तुम्हाला तीनदा फोन केला. तुम्ही उचलला नाही. त्यामुळे दुकान चालू आहे की नाही ते आम्हाला कळलं नाही. कोणत्या वेळी फोन करू?' विमलताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "साडेचारले करा." त्या उत्तरावरून मला कळलं की मजकूर जमला. पुढचा प्रत्येक मजकूर मी त्यांना आधी वाचायला दिला. मराठीत जमला की गुजराती आणि हिंदी करायची. त्यांना जे कळलं नाही ते मी बदललं. एवढी कडक तपासनीस आमच्या कचेरीत कुणी नव्हती.

सचिनमध्ये सुरू झालं. साधा माणूस वाचणार नाही असं परेशभाई म्हणाले होते, पण पहिल्या आठवड्यातच न्हाव्यांची उत्तरं आली. सोमवारी बंद असतो, मंगळवारी सकाळी करा. एका टेम्पोवाल्याने लिहिलं, गाडी चालवताना उचलत नाही, उचलावा असं तुमचं म्हणणं आहे का? त्याला मी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं.

परेशभाईंचंही खरं ठरलं. किल्लीवाल्याने आमचा मजकूर बारकाईने वाचला. त्याने पुन्हा नव्या नावांनी दुकानं टाकली आणि सगळ्यांना फोनची वेळ दिली सकाळी अकरा. मग आम्ही अकरा वाजता सगळ्या नंबरांवर एकदम फोन लावले. एक उचलला गेला, आणि मागे बाकीच्या फोनांच्या घंटा वाजताना आमच्या मुलीला स्पष्ट ऐकू आल्या. परेशभाई त्या दिवशी मनापासून हसले. चोराला नकाशा दिला खरा, पण तोच नकाशा घेऊन तो आमच्या दारात आला.

'जाहिरात' हा शब्द मात्र महाग पडला. एक क्लासवाले कचेरीत येऊन टेबलावर हात आपटून गेले, की असं लिहिल्यावर आमच्या नावावर बोट कोण दाबणार. ते गेले ते गेलेच. दुसरे काही गेले आणि परत आले. एका दातांच्या डॉक्टरांनी उलट सांगितलं की लिहा, मला लपवायचं काय आहे. सहा महिन्यांनी परेशभाईंनी मला न बोलावताच सचिनचा नियम सगळ्या शहराला लावला. नोटिशीवर सही करून कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घड्याळ आता देत नाही, बेन."

मध्यंतरी मी एक गोष्ट केली ती सांगितली पाहिजे, कारण ती मला शोभणारी नव्हती. नियम बदलल्यावर विमलताईंचं नाव वर आलं ते चौथ्या जागी. मला ते सहन होईना. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुमचं नुकसान आमच्यामुळे झालं. मी तुम्हाला पहिल्या नंबरवर ठेवते, वर्षभर. कुणाला कळणार नाही."

त्या पोरांच्या चादरी वाळत घालत होत्या. थांबल्या. "कोणाले कळणार नाही?"

मी बादलीतली एक चादर उचलून दोरीवर टाकली.

"असं नको जी," त्या म्हणाल्या. "माहा नंबर जिथं लागते तिथंच राहू द्या. चौथा काहून आहे तेवढं सांगा."

मी सांगितलं की वरच्या तिघांनी खोलीचे फोटो टाकलेत, वेळ लिहिलीय, तुमच्या नावापुढे दोन्ही नाही. आणि एक खरोखरच कंपनीच्या गेटच्या जवळ आहे, त्याला इलाज नाही. "एवढंच?" त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांच्या भाच्याने फोटो काढले, भिंतीवरच्या चित्रांसकट. महिन्याभरात त्या दुसऱ्या नंबरवर होत्या, स्वतःच्या हिमतीवर. वहीचं पान पुन्हा भरू लागलं.

सगळं भरून आलं असं मात्र नाही. तळाला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही नव्याने फोन केले तेव्हा नंबर लागलेच नाहीत. खोटे होते म्हणून, की दोन वर्षं गिऱ्हाईक न आल्याने कंटाळून गाव गाठलं म्हणून, ते मला कळायला मार्ग नाही. तो प्रश्न मी बरोबर घेऊनच निवृत्त झाले. परीचा हात आता चांगला आहे. ती शाळेत जाते आणि गुजराती माझ्यापेक्षा सफाईने बोलते.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात विमलताईंचा फोन आला. त्यांच्या पलीकडच्या गल्लीत एका तरुण बाईने नवीन पाळणाघर काढलं होतं, आणि आठच दिवसांत त्याचं नाव यादीत विमलताईंच्या वर गेलं होतं. मी ते सकाळीच पाहिलं होतं. फोनवर त्यांचं नाव दिसताच मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागले.

"पाह्यलं मी," त्या म्हणाल्या. "काहून वर आहे तेही तिच्या नावाखाली वाचलं. रातपाळीच्या बायांची लेकरं ठेवते ती. मी नाही ठेवत, आता होत नाही माह्यानं. बरोबर आहे जी ते."

"मग ताई, फोन कशासाठी केलात?"

"पत्ता चुकला तिचा. गल्ली दोन लिहिलं आहे, ते तीन पाह्यजे. काल दोन बाया लेकरं घेऊन माह्या दारात आल्या, तिले शोधत. मी नेऊन पोचवल्या. पण दरवेळी मी दारात असन असं नाही."

"थांबा हं, ताई," मी म्हटलं. फोन तसाच कानाला लावून मी ती नोंद उघडली आणि दोनचं तीन केलं.